हरकत आहे

(भोपाळ. जवाहर चौकामागच्या एका घरात डिसेंबरातली सकाळ. जेवणाच्या टेबलाशी ‘भेल’ या वीजयंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन सुभाष आणि माहेरी आलेली त्यांची मुलगी स्वरदा. सुभाषची बायको कमलिनी स्वयंपाकघरातून बोलते आहे.)

सुभाष : नुसती सही तर करायची आहे. इतकं काय वाचत बसलीस?

स्वरदा : वाचू तर द्या ना, बाबा. ‘माझ्या वडिलांची बारा बोअरची बंदूक माझा भाऊ जितेंद्र याच्या नावावर करण्यास माझी कसलीही हरकत नाही.’ कसलीही! वा.

सुभाष : तसाच मसुदा असतो. मी सत्तरी ओलांडली, आता जिवंतपणीच बंदूक वारसाच्या नावावर करता येते. फक्त बाकीच्या वारसांनी ना-हरकत द्यायची. म्हणजे तू आणि तुझी आई.

स्वरदा : आईनं केली सही?

सुभाष : तुझ्या आईचे हात चार दिवस झाले कणकेतच आहेत.

कमलिनी : मग पोळ्या काय तुमची बंदूक लाटणार?

सुभाष : बघ. दहाला मला पोलीस थाण्यात पोचायचंय. बंदूक सोडवायची आणि तिथून हे कागद घेऊन कलेक्टर कचेरीत. जितू क्लास संपवून एम. पी. नगरहून परस्पर येतोय. तू सही केलीस की मी निघालो.

स्वरदा : बंदूक अजून थाण्यातच आहे?

सुभाष : निवडणूक नव्हती का? आचारसंहिता लागली की लायसन्सवाल्यांनी हत्यार जमा करायचं, निकाल लागले की परत आणायचं. मी पहिल्याच दिवशी नेऊन देतो. तिथला कारकून, मुन्शी, उठून नमस्कार करतो मला. म्हणतो, भेलवाले साहब, आपकी बंदूक तो थाने में सबसे चमकदार है.

कमलिनी : चमकणारच. देवाच्या समईला कधी हात लावला नाही, तिला मात्र दर रविवारी तेल.

सुभाष : यंदा तर खंडेनवमीलाही घरात नव्हती. शेवटी रिकाम्या गवसणीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, पण खरं सांगू का, बरं नाही वाटलं.

कमलिनी : मला वाटलं बरं.

सुभाष : म्हणजे काय?

कमलिनी : काही नाही. चहा टाकू का आणखी?

स्वरदा : बाबा, सीधी बात सांगू? मी नाही करणार सही.

सुभाष : का? तुला हवीय का बंदूक?

स्वरदा : मला? झुरळ निघालं तर मी परागला झोपेतून उठवते.

सुभाष : मग? राजधानी हलली आणि माझे आप्पा सचिवालयाबरोबर नागपूर सोडून इथं आले तेव्हा एक ट्रंक, देव आणि ही बंदूक, एवढंच होतं त्यांच्याजवळ. आप्पांनंतर ती माझ्याकडे आली. माझ्यानंतर जितूकडे जाईल. यात हरकत घेण्यासारखं काय आहे?

स्वरदा : बंदुकीला नाही हो हरकत. दादाला आहे.

सुभाष : स्वरदा, तोंड सांभाळून.

स्वरदा : गणपतीत काय झालं ते विसरलात? तिवारी अंकलनी आपल्या गेटसमोर गाडी लावली. बस, इतनी सी बात. दादा घरात गेला आणि बंदूक घेऊन बाहेर आला. पूरी गली देख रही थी.

सुभाष : भरलेली नव्हती.

स्वरदा : हे तिवारी अंकलना कोण सांगणार होतं?

सुभाष : मीच सांगितलं की. त्यांना घेऊन थाण्यात गेलो, हात जोडले, समेट केला. तक्रार नोंदवलीच नाही त्यांनी. भला माणूस आहे.

स्वरदा : मी तेच म्हणतेय. लायसन्स देताना पोलीस काय बघतात, बाबा? तुम्हाला तर सगळं पाठ आहे.

सुभाष : पाठ असायलाच हवं. माणूस मारकुटा नाही ना, डोकं ठिकाणावर आहे ना, त्याच्या हातात हत्यार दिलं तर इतरांना धोका नाही ना, हे बघतात. धोका वाटला तर लायसन्स देत नाहीत, दिलेलं असलं तर काढून घेतात. कायदा कडक आहे आणि असावाच. पण जितूचं रेकॉर्ड स्वच्छ आहे.

स्वरदा : स्वच्छ आहे, कारण तुम्ही पुसलंत. बंदूक पुसता तसं.

सुभाष : बाप आहे मी त्याचा! फिजिक्स शिकवणारा पोरगा. पोलिसात नाव गेलं असतं तर क्लासवाल्यांनी ठेवला असता का त्याला? आणि तुला सांगतो, माणसावर जबाबदारी टाकली की तो शांत होतो. मी काय कमी तापट होतो? बंदूक नावावर आली त्या दिवशी स्वतःला बजावलं, आता आपण आवाज चढवायचा नाही. काय गं, चढवला का कधी?

कमलिनी : मिठावरून चढवलाय. बंदुकीवरून नाही.

सुभाष : ऐक. आणि शनिवारी जितू बऱ्हाणपूरला जातोय, मंजूषाला आणायला. भाऊबीजेला म्हणून गेली ती भावाकडेच बसलीये. सून घरी आली, बंदूक घरी आली की सगळं मार्गी लागेल.

स्वरदा : वहिनीचा मला रोज फोन येतो. काय विचारते माहितीये? दादा कसा आहे, हे नाही विचारत. एकच विचारते, ‘बंदूक आली का घरी?’

सुभाष : तिला काय करायचंय बंदुकीशी?

स्वरदा : तेच मी तिला विचारते, तर विषय बदलते.

सुभाष : बाईमाणूस, घाबरली असेल तिवारींच्या वेळी. आल्यावर समजावीन. चला, मी आवरतो. काडतुसंही दाखवावी लागतील कचेरीत, त्यांचाही हिशेब असतो. कमलिनी, माझ्या कपाटातला निळा डबा दे गं.

कमलिनी : तुम्हीच घ्या.

सुभाष : हो, हात कणकेचे. घेतो. काय हे! डबा हलका कसा लागतोय? अगं, रिकामा आहे हा!

स्वरदा : काडतुसं थाण्यात दिली असतील ना बंदुकीबरोबर?

सुभाष : नाही गं, मुन्शी म्हणाला, सिर्फ हथियार जमा होगा. मीच परत आणून ठेवली. चोरी झाली! कमलिनी, चोरी झाली घरात! आधी ही रपट लिहवायला हवी, नाहीतर माझंच लायसन्स जाईल. स्वरदा, गाडी काढ.

कमलिनी : गाडी नका काढू. चोरी नाही झाली.

सुभाष : मग?

कमलिनी : मंजूषानं नेली.

सुभाष : काय नेली?

कमलिनी : काडतुसं. जाताना माहेरी घेऊन गेली.

स्वरदा : आई!

सुभाष : रेल्वेनं? हबीबगंजहून? बॅगेत?

कमलिनी : चकल्यांच्या डब्यात. खाली काडतुसं, मध्ये वर्तमानपत्र, वर चकल्या. चकल्या मी रचल्या.

सुभाष : तुम्हाला दोघींना काही कळतं का? लायसन्स नसताना एक काडतूस जरी जवळ सापडलं तरी गुन्हा आहे! सामान मशीनमधून जातं तिथं. सापडली असती तर सरळ तुरुंगात गेली असती पोरगी. चकल्यांखाली! देवा रे. दिवाळीचा फराळ आहे की चेष्टा?

कमलिनी : सांगितलं मी तिला. म्हटलं, बाई, पकडतील तुला. ती म्हणाली, ‘आई, तिथं पकडलं तर निदान चार माणसं असतील आजूबाजूला.’

सुभाष : ...म्हणजे? इथं काय होतं?

स्वरदा : आई, इकडे ये. बस जरा. राहू दे ती कणीक.

कमलिनी : बसते. पितृपंधरवड्यातली गोष्ट. तुम्ही मंडळाच्या मीटिंगला गेला होतात. बंदूक अजून जमा व्हायची होती. मंजूषाला ऑफिसातून यायला उशीर झाला. जितूनं काही विचारलं नाही, ओरडला नाही. तुमचं कपाट उघडलं, बंदूक काढली आणि इथं टेबलावर ताटाच्या उजवीकडे ठेवली. पाण्याचं भांडं ठेवतो ना आपण, तिथं. मग तिला म्हणाला, ‘वाढ.’

सुभाष : भरलेली...

कमलिनी : भरलेली होती की नव्हती, मला नाही कळत. तिलाही कळत नाही. आम्हाला कळत नाही हे त्याला माहीत होतं.

स्वरदा : मग?

कमलिनी : मग वाढलं तिनं. पोळी वाढायची तर हात बंदुकीवरून न्यावा लागत होता. तो सावकाश जेवला. ताक मागितलं. मी दिलं. मी ताक दिलं गं त्याला! दुसरं काही सुचलंच नाही मला. जेवण झाल्यावर बंदूक उचलून जागच्या जागी ठेवली आणि ‘कढी छान झाली होती’ म्हणाला.

सुभाष : याच टेबलावर?

कमलिनी : आत्ता तुम्ही हा कागद ठेवलाय ना, तिथं.

सुभाष : मला का नाही सांगितलंस?

कमलिनी : तुम्ही काय केलं असतंत? तिवारींची समजूत काढलीत तशी मंजूषाची काढली असतीत. आणि मला वाटलं, आठवड्यात बंदूक थाण्यात जाईल, तेवढे दिवस निभावू. गेली तेव्हा देवापुढे साखर ठेवली मी. बंदूक परत यायची आहे, हे मंजूषानं लक्षात ठेवलं. मी नाही ठेवलं.

स्वरदा : मला वहिनीनं यातलं काही नाही सांगितलं.

कमलिनी : बहीण आहेस तू त्याची. तुला काय सांगेल?

सुभाष : थांब, फोन वाजतोय. हं, जितू, बोल. नाही, घरीच आहे अजून. सुटला का क्लास? नाही, तू निघू नकोस. तिथंच थांब. मी करतो तुला फोन. सांगतो म्हटलं ना! ठेव.

स्वरदा : बाबा, आता?

सुभाष : आता काय? नाही सोडवत बंदूक. मुन्शीला सांगतो, वय झालं, हात थरथरतो, लायसन्स परत करायचंय. बंदूक तिथंच राहील, पुढं सरकारजमा होईल किंवा कुठल्या दुकानदाराला जाईल. कुणाचं नाव घ्यायला नको.

कमलिनी : परवा मला सुईत दोरा ओवून दिलात. कुठं थरथरतोय हात?

स्वरदा : आणि दादा उद्या स्वतःच्या नावानं नवीन अर्ज करेल, बाबा. शौक तर त्याला आहेच. पोलीस चौकशीला येतील, रेकॉर्ड बघतील. स्वच्छ! मग घरच्यांना विचारतील, मतलब तुम्हालाच. तेव्हा काय सांगाल?

सुभाष : तर मग काय करू? पोटच्या पोराला धोकादायक म्हणू? कागदावर लिहून देऊ सरकारला? लहानपणी विजा कडाडल्या की माझ्या कुशीत येऊन झोपायचा तो. आप्पांचं आडनाव लावतो. उद्या त्याची नोकरी गेली, समाजात छी-थू झाली, तर बाप म्हणून मी तोंड कसं दाखवू? तुम्हाला सोपं आहे बोलायला.

कमलिनी : सोपं नाही हो. मी काय त्याला रस्त्यावरून उचलून आणला? तो कागद द्या इकडे.

सुभाष : हात...

कमलिनी : धुतलेत. पेन द्या. हे ‘नाही’ खोडलं. ‘आहे’ लिहिलं. ‘हरकत आहे.’ आणि ही खाली सही. झालं?

सुभाष : सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही.

कमलिनी : मग तुम्ही नीट लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे.

स्वरदा : बाबा, पाणी देऊ?

सुभाष : नको. कोरा कागद दे. आणि हा चहाचा कप हलव इथून, डाग पडेल. हिंदीत लिहावं लागेल ना? बरं. लिहितो. बंदूक परत देऊ नये, मुलाच्या नावावर करू नये, आणि त्यानं पुढं कधी अर्ज केला तर आधी मला विचारावं. कारणही लिहितो, तिवारींच्या वेळचं आणि टेबलावरचं, दोन्ही. हे वाचून मुन्शी यापुढे उठून नमस्कार करायचा नाही, एवढंच.

कमलिनी : मी करीन.

सुभाष : तू गप गं. पण काडतुसांचं काय लिहू? खरं लिहिलं तर पहिला गुन्हा मंजूषावर.

स्वरदा : हो ना! दादा छूटा, वहिनी फँसी. कमाल आहे कायद्याची.

सुभाष : कायद्याला नावं ठेवू नकोस. घरात जेवताना काय चाललंय ते कायद्याला दिसणार कसं? आपण सांगू तेवढंच त्याला कळतं, आणि आपण काय सांगितलं? की गाडीचं किरकोळ भांडण होतं. काडतुसं मीच आणतो. लायसन्स अजून माझ्या नावावर आहे, राज्यभर चालतं. बऱ्हाणपूरहून मी घेऊन येतो आणि थाण्यात जमा करून टाकतो. म्हणजे पुन्हा झाकाझाकीच झाली ही.

स्वरदा : झाकू द्या. या वेळी जिला झाकायला हवं तिला झाकताय.

सुभाष : आधी जितूला सांगतो. तुम्ही मध्ये बोलू नका. हं, जितू. थाण्यात येऊ नकोस. मी बंदूक सोडवत नाहीये. नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तुझ्या नावावर करत नाहीये. स्वरदानं काही भरवलेलं नाही, तिच्यावर नको जाऊस. माझं मी ठरवलंय. ओरड, ओरडून घे. झालं? आता मला एक सांग. जेवताना तू ताटाशेजारी बंदूक ठेवली होतीस का? हो की नाही, एवढंच. गंमत? बरं. जितू, मला हसू नाही आलं रे. शनिवारी तू जायचं नाहीस, मी जाणार आहे. ती येईल की नाही, मला माहीत नाही. तुला मी टाकलेलं नाही. डॉक्टरकडे जाऊ, कुणाशी तरी बोलू, मी येतो तुझ्याबरोबर. हॅलो? जितू?

स्वरदा : ठेवला?

सुभाष : ठेवला.

कमलिनी : रडतायत हे.

सुभाष : नाही रडत. चष्मा पुसतोय.

स्वरदा : आई, तू चार दिवस माझ्याकडे चल. बाबा, तुम्ही पण. मी दादाला सांगते, भेटायचं तर माझ्याकडे ये, पराग असताना.

सुभाष : घेऊन जा तिला. आता मंजूषाला लाव फोन. मोठ्यानं ऐकू येईल असं कर, तुझ्या आईलाही ऐकू दे.

मंजूषा : ताई? आली का बंदूक?

स्वरदा : वहिनी, बाबा बोलतायत.

मंजूषा : ...नमस्कार करते, बाबा.

सुभाष : सुखी राहा. मंजूषा, बंदूक घरी आलेली नाही आणि येणार नाही. मी तसं लिहून देतोय थाण्यात. जितूलाही सांगितलंय.

मंजूषा : तुम्ही लिहून देताय?

सुभाष : मीच. आणि तो डबा आहे ना तुझ्याकडे, तो घेऊन बाहेर पडू नकोस. कुणाला दाखवू नकोस. शनिवारी मी एकटा येतो आणि घेऊन जातो.

मंजूषा : आईंनी सांगितलं तुम्हाला.

सुभाष : आत्ता सांगितलं. मला आधी दिसायला हवं होतं, बाळा. माझंच घर, माझंच कपाट. चुकलं माझं.

मंजूषा : मी परत यायचं का, बाबा?

सुभाष : ते मी नाही सांगणार. मी डबा न्यायला येतोय, तुला न्यायला नाही. तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर राहा. जितूशीही तुझ्या मनात येईल तेव्हाच बोल.

कमलिनी : मंजूषा, जेवतेस ना गं नीट? आणि चकल्या मऊ पडल्या असतील आता.

मंजूषा : चकल्यांना हात नाही लावला, आई. वरच्या काढल्या तर खालचं दिसेल ना. भाचे रोज मागतात, मी म्हणते खवट झाल्यात. मुलांचं घर आहे, कुणी उघडेल म्हणून डबा उशाशी घेऊन झोपते.

सुभाष : महिनाभर?

मंजूषा : हो.

सुभाष : कमलिनी, शनिवार कशाला? थाण्यातलं काम झालं की दुपारच्या गाडीनं निघतो. येताना बसनं येईन. माझी पिशवी भर.

कमलिनी : भरते. आणि भाजणी उरलीये थोडी, तुम्ही थाण्यातून येईपर्यंत तळून ठेवते. मंजूषा, मुलांना सांग, आजोबा डबा आणतायत. नुसत्या चकल्यांचा.